न काढलेला एक्स-रे

छातीचा एक्स-रे काढावा लागू नये म्हणून मी घासाघीस केली होती आणि जिंकले होते. माझ्या टीबीची गोष्ट तिथूनच सांगावी लागेल. पुढचं सगळं त्या जिंकण्यामुळे झालं.

माझं नाव सुनंदा. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या अकादमीची मेस मी नऊ वर्षं चालवली. परळला एका जुन्या इमारतीचे दोन मजले क्लबने हॉस्टेलसाठी घेतलेत. तिथे तेरा ते सतरा वयाची तीसेक मुलं राहतात. कोणी कोल्हापूरचा, कोणी गोव्याचा, कोणी थेट मिझोरामचा. सकाळी मैदान, मग शाळा, संध्याकाळी परत मैदान. यातली दोन-तीन मुलं पुढे मोठ्या संघात खेळतात, बाकीची घरी जातात. कोच त्यांचे पाय घडवतात. पायांत जे भरायचं ते माझ्याकडे होतं.

मी कोणाच्या ओळखीने तिथे गेले नव्हते. नायगावच्या चाळीतल्या एका खोलीत चार पोलिसांचे डबे करण्यापासून सुरुवात केली. दादरच्या भाजीवाल्यांशी, गॅसवाल्याशी, क्लबच्या ऑफिसशी भांडून भांडून इथपर्यंत आले. तोंड फाटकं आहे असं माझ्याबद्दल बोलतात. बोलू देत. त्या तोंडावरच घर उभं राहिलं. त्याच तोंडाने काय केलं ते आता लिहिते.

मसाल्याचा ठसका

खोकला मे महिन्याच्या शेवटी सुरू झाला. फोडणीच्या धुरात उभं राहणाऱ्या बाईला खोकला येतोच, असं मी धरून चालले. जूनमध्ये ब्लाउज ढिले झाले. मैत्रिणी म्हणाल्या, "बारीक झालीस गं, काय करतेस?" मला बरं वाटलं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. ते वयाचं समजले.

माझा नवरा विलास, बसडेपोतून निवृत्त. फार बोलत नाही. बोलला की मालवणीत बोलतो.

"गो, तुझो खोकलो काय कमी होना नाय. डॉक्टराक दाखव."

"तुम्ही आधी तुमचे गुडघे दाखवा."

"माझे गुडघे खोकत नाय."

मी हसले आणि विषय संपवला. खरं सांगायचं तर मला आतून कळलं होतं. माझे चुलत सासरे याच दुखण्याने गेले होते. त्यांचं सुकत जाणं मी पाहिलेलं होतं. पण त्याच महिन्यात क्लबच्या ऑफिसात एका मोठ्या केटरिंग कंपनीची माणसं येऊन बसत होती. मला काढायला त्यांना एक निमित्त हवं होतं, निदान मला तसं वाटत होतं. फुप्फुसावरचा डाग म्हणजे आयतंच निमित्त.

नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी अकादमीत सगळ्यांची तपासणी होते. मुलं, कोच, स्वयंपाकघरातली माणसं, सगळ्यांची. अकादमीचे प्रमुख डिसा सर मला जिन्यात गाठून म्हणाले, "सुनंदाताई, सगळ्यांचं मेडिकल झालं. तुमच्या हेल्पर शोभाचं पण झालं. ओन्ली तुम्ही बाकी."

"सर, मी काय लेफ्ट बॅक खेळणार आहे?"

ते हसले. "रूल आहे, ताई. एक्स-रे काढून या फक्त."

"अर्धा दिवस जातो तिथे. दुपारचं तुम्ही करता का? मिझोरामच्या पोरांना वरण आवडत नाही, केरळवाल्याला अंड्याची ॲलर्जी, गोलकीपर दोन पोळ्या जास्त खातो. लिहून देऊ?"

"मग संडेला जा."

"रविवारी मॅच असते. पहाटे चारला उठते मी. मागचा एक्स-रे आहे की फाईलला."

"तो दोन वर्षांपूर्वीचा."

"मग दोन वर्षांत मी बदलले का? सांगा ना, बदलले?"

त्यांनी हात जोडले. "डिसेंबर. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

जिना उतरताना मला खोकला आला. तो मी पदरात दाबला, ते वरच्या मजल्यावर जाईपर्यंत.

सार्थक

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मुलांनी यायचं नाही असा नियम होता. कोल्हापूरचा सार्थक यायचा. पंधरा वर्षांचा, मिडफिल्डला खेळायचा. घरची आठवण आली की दुपारी माझ्याजवळ येऊन मेथी निवडत बसायचा आणि बडबड करायचा. खिडकी एकच, ती पण धुराच्या पंख्याने अर्धी भरलेली. रोज तास-दीड तास तो माझ्यापासून दोन हातांवर.

मुलगा वाढायला लागला की कोचच्या आधी मला कळायचं. पंधरा दिवसांत पोळ्या दुप्पट होतात, दुपारी चारला परत भूक लागते, आणि महिन्याभराने पँट आखूड होते. डिसा सर मला मुद्दाम विचारायचे, "ताई, कोण उंच होणार यावर्षी?" मी सांगितलेलं बहुतेक खरं व्हायचं. त्या जूनमध्ये मी सार्थकचं नाव सांगितलं होतं.

जुलैत एकदा खोकून खोकून मी ओट्याला धरून उभी राहिले. तो म्हणाला, "मावशी, लई खोकला लागलाय तुमाला. फिजिओ सरांस्नी सांगू? गोळी देतील."

"कोणाला सांगायचं नाही. कळलं? शपथ घे."

"कशाला?"

"घे म्हणते ना. तुझ्या आईची."

त्याने शपथ घेतली. मी त्याच्या हातावर गरम भजी ठेवली. मुलांना तळलेलं द्यायचं नाही असं आहारतज्ज्ञ बाईंनी भिंतीवर लिहून लावलं होतं.

ऑगस्टमध्ये त्यांची बीप टेस्ट झाली. दोन खुणांमधलं अंतर बीप वाजायच्या आत धावून कापायचं, आणि बीप हळूहळू लवकर लवकर वाजत जातात. एकेक जण गळतो. सार्थक नेहमी शेवटच्या दोघांत असायचा. या वेळी निम्म्यातच थांबला. धाकट्या कोचने सगळ्यांसमोर विचारलं, "फोन घेऊन जागतोस ना?" त्या दिवसापासून त्याच्यावर आळशी असा शिक्का बसला.

आणि माझ्याकडे तो पोळ्या टाकायला लागला होता. चारच्या दोन झाल्या. माझ्यासारख्या, ताटावरून मुलगा ओळखणाऱ्या बाईने काय करायला हवं होतं? मी त्याला समोर बसवून म्हटलं, "इथे आईच्या हातचं मिळणार नाही. नखरे बंद कर. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही." तो बसून राहिला. मध्ये मध्ये पाणी पीत सगळं संपवलं. ताट उचलताना त्याला धाप लागली होती. मला वाटलं, रडायला आलंय.

सप्टेंबरमध्ये त्याला ताप आला. क्लबच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि गणपतीला जोडून सुट्टी देऊन घरी पाठवलं.

बिटाचा रंग

सप्टेंबर संपत आला होता. सकाळी मी कोशिंबिरीसाठी बीट किसत होते. खोकला आला, सिंकमध्ये थुंकले, लाल दिसलं. मला वाटलं, हाताचंच बीट लागलं. नळ सोडला. परत खोकला आला. या वेळी हात पुसलेले होते.

शोभाने पाहिलं. तिने गॅस बंद केला आणि विलासला फोन लावला.

सरकारी हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर बाई होती, माझ्या मुलीच्या, मनालीच्या वयाची.

"खोकला किती दिवस?"

"आठ-दहा दिवस झाले असतील."

मागून विलास म्हणाला, "चार म्हयने."

डॉक्टर बाईने माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर, ही खयच्याय गोष्टीत भाव पाडता," विलास म्हणाला.

ती हसली नाही. एक्स-रे काढला, थुंकी तपासायला दिली. संध्याकाळी बोलावून तिने फिल्म उजेडावर धरली. उजवीकडे वरती पांढरं धुकं होतं. "टीबी आहे. औषधाने बरा होतो. सहा महिने रोज गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. रक्त पडतंय म्हणून चार दिवस इथे ठेवू." मग पेन उघडून विचारलं, "घरी कोण कोण? आणि काम कुठे करता?"

घरची माणसं सांगितली. कामाच्या जागी अडकले. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी विलासने सांगितलं, "पोरांच्या हॉस्टेलात जेवण करता."

तिचं पेन थांबलं. "किती मुलं?"

वॉर्ड

चार दिवसांचे नऊ झाले. वॉर्डचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. फरशी पुसणारी मामी पलंगाखाली काठी आपटत यायची, "उठा गं, उन्हं आली." मग उपाशीपोटी गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी घाबरून घंटा वाजवली. नर्स म्हणाली, "गोळीचा रंग आहे. सगळ्या पहिल्या दिवशी बोंबलतात." हे तुम्हाला आधीच कोणी सांगितलं तर बरं, म्हणून इथे सांगते. मळमळ व्हायची, सांधे धरायचे. तिसऱ्या आठवड्यानंतर ते कमी झालं.

जेवणाच्या गाडीवाल्याशी मी दुसऱ्याच दिवशी भांडले. "हे वरण आहे की वरणाची आठवण?" अख्खा वॉर्ड तोंडावरच्या मास्कआडून हसला. शेजारच्या पलंगावर वडाळ्याची एक म्हातारी होती. तिला दुसऱ्यांदा झाला होता, पहिल्या वेळी दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या होत्या. ती माझा हात धरून म्हणायची, "बरं वाटलं की घाबर. तेव्हाच माणूस गोळी सोडतो." कोणत्याही डॉक्टरपेक्षा ते माझ्या डोक्यात जास्त बसलं.

घरच्यांचं सांगते. मुलगी मनाली शीवला राहते, तिचं बाळ तेव्हा नऊ महिन्यांचं. ते दर रविवारी माझ्या छातीवर झोपायचं. तपासणी झाली, बाळाला आजार नव्हता, पण होऊ नये म्हणून औषध सुरू करावं लागलं. मनाली वॉर्डच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आई, चार महिने? तू चार महिने माझ्या बाळाला घेऊन झोपलीस?"

मी ओरडले. माझ्यावर संशय घेतेस, तुला वाढवताना मी काय खस्ता खाल्ल्या, वगैरे. ती ऐकून घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी विलासबरोबर डबा आला. उकडीची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. वॉर्डात बांगड्याचा वास सुटला आणि वडाळ्याची म्हातारी म्हणाली, "रागावलेल्या पोरीचा डबा आहे हा. रागावलेली माणसं चांगलं रांधतात."

टेम्पो

घरी आले त्याच आठवड्यात दारात टेम्पो लागला. माझी पातेली, कढया, पोळपाट, नऊ वर्षांची भांडी. सगळ्यांना फिनेलचा वास. बरोबर कागद नाही, चिठ्ठी नाही. टेम्पोवाला म्हणाला, "सही करा." सार्थकच्या वयाची किती पोरं माझ्या हातचं खाऊन मोठी झाली, त्यातली दोन आज टीव्हीवर दिसतात, आणि क्लबकडून एक फोन नाही. मी डिसा सरांना फोन लावले, त्यांनी उचलले नाहीत. मग आवाजी निरोप पाठवले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आजारपणामुळे माणसाला असं काढता येत नाही, हे मी चौकशी करून पक्कं केलं. गोळ्या घेऊन पडल्या पडल्या मी रोज हे भांडण मनात भांडायचे. त्याने ताकद यायची. अजूनही त्या टेम्पोचं मी विसरलेले नाही.

ऑक्टोबरमध्ये शोभा भेटायला आली. उठता उठता म्हणाली, "ताई, हॉस्टेलच्या सगळ्या पोरांची तपासणी झाली. बाकी सगळी बरी आहेत. कोल्हापूरला सार्थकच्या छातीत पाणी निघालं. टीबीचं."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टर बाईला विचारलं. सरळ विचारलं नाही. "समजा, एखाद्या मुलाला झाला, तर तो कोणाकडून झाला हे कळतं का?"

"मुंबईत? नक्की नाही सांगता येत. कुठूनही होऊ शकतो."

ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि तीन महिने त्याच्यावर काढले. कुठूनही होऊ शकतो. शाळेतून, बाजारातून, बसमधून. नुसत्या शंकेवर एवढी सूट मिळत असेल तर मी ती सोडणारी नव्हते.

जानेवारीतली भेट

जानेवारीत सार्थक परत हॉस्टेलवर आला. गोळ्या चालू होत्या, हलका सराव करायची परवानगी होती. त्याला सोडायला आई आली होती, वैशाली. दोघं पत्ता काढत माझ्या घरी आली. मी रोगी म्हणून नातेवाईक दारातून बोलत होते, आणि ही बाई आत येऊन पलंगावर बसली. कांदा-लसूण चटणीची बरणी काढून म्हणाली, "तुमाला बी झालं म्हनं ताई. म्या म्हटलं, भेटल्याबिगर जायचं न्हाई. त्या हॉस्टेलातच काय तरी असंल बगा. हवाच न्हाई तिथं."

"हो ना," मी म्हणाले. "हवाच नाही."

ती हात धुवायला मोरीकडे गेली. सार्थक माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, मी कुनाला सांगिटलं न्हाई हां."

"काय?"

"सप्टेंबरात डॉक्टरांनी इचारलं हुतं. जवळ कोन खोकतंय का, म्हनं. मी न्हाई म्हटलं. तुमी शपथ घातलीती."

मोरीत पाण्याचा आवाज येत होता. त्याने हो म्हटलं असतं तर त्या दिवशी त्याचाही एक्स-रे निघाला असता आणि माझाही. त्याऐवजी तो तीन आठवडे तापाची औषधं घेऊन कोल्हापुरात पडून राहिला. छातीत पाणी चढत गेलं. आईची शपथ मोडायची नाही म्हणून.

वैशाली पदराला हात पुसत आली. "चला, निघतो. जपा ताई."

मी त्यांना दारापर्यंत सोडलं. तिला तेव्हाही सांगितलं नाही.

यादी

मार्चच्या शेवटी माझ्या गोळ्या संपल्या, थुंकी स्वच्छ निघाली. एप्रिलमध्ये मी ठेवणीतलं पातळ नेसून डिसा सरांच्या ऑफिसात गेले. बोलायचं सगळं पाठ केलं होतं. पण लढाई झालीच नाही. मी बसायच्या आत ते म्हणाले, "ताई, सॉरी. टेम्पोचं चुकलं. मला फेस करता आलं नाही तुम्हाला. केटररचं जेवण मुलांना नको झालंय. जूनपासून परत या."

आणि त्यांनी मला नव्या हंगामाची जेवणाची यादी दिली. हे दरवर्षीचं होतं. कोणाला काय चालत नाही ते आधी कळावं म्हणून मेसवालीला नावांची यादी मेआधीच मिळते. कोणाला काढणार ते मुलांना मेमध्ये, आईवडिलांना बोलावून सांगतात. मला ते आधीच कळलेलं असायचं. नऊ वर्षं मी त्या दिवसांत जाणाऱ्या मुलांच्या आवडीचं रांधायचे आणि तोंड बंद ठेवायचे.

मी यादी वाचली. दोनदा वाचली.

"सार्थक?"

"रिलीज करतोय. फिटनेस नाही. आणि ॲटिट्यूडचा इश्यू. रिपोर्ट आहे ऑगस्टपासूनचा."

"ऑगस्टमध्ये त्याला टीबी होता, सर."

"तो नंतर झाला."

"नंतर कळला."

मी तिथेच थांबू शकले असते. यादी पर्समध्ये टाकून, चहा पिऊन, जूनमध्ये स्वयंपाकघरात. मिनिटभर मी तो विचार केला, हे कबूल करते. मग म्हणाले, "मी मेपासून खोकत होते. मला ठाऊक होतं साधा खोकला नाही. म्हणून एक्स-रे टाळला. तो माझ्याजवळ बसायचा रोज. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो खोटं बोलला, मी शपथ घातली होती म्हणून."

डिसा सर उठले, दार लावलं, परत बसले. बराच वेळ टेबलावरच्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते.

"मी सोडलं तुम्हाला. जिन्यात."

"मी सोडायला लावलं."

"हे लिहून देणार?"

"देते. पण त्याला एक हंगाम पाहिजे."

"सिक्स मंथ्स. बघू या कसा करतो."

"पूर्ण हंगाम. आणि ॲटिट्यूड हा शब्द खोडायचा. आजार लिहायचा."

"ताई, हे फाईलला लागलं तर मी तुम्हाला परत घेऊ शकत नाही. वरून कोणी साइन करणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"ओके. पूर्ण हंगाम."

त्यांनी दिलेल्या कोऱ्या कागदावर मी लिहून दिलं. खाली गेटवर येईपर्यंत मला पश्चात्ताप झाला. कागदाचा. वाटलं, वर जावं, फाडून टाकावा. फुटपाथवर उसाच्या रसाच्या गाडीशी उभी राहिले, रस प्याले नाही, तशीच घरी आले. विलासला सांगितलं. तो बराच वेळ गुडघा चोळत बसला आणि म्हणाला, "बरा केलंस." मग, "त्या चार म्हयन्यांत माजा आयकला असतंस तर."

कोल्हापूरला फोन

वैशालीला सांगायला मी आणखी नऊ दिवस घेतले. आधी वाटलं समोर जाऊन सांगावं. मग फोनच केला, कारण फोनवर तोंड दिसत नाही. एका दमात सगळं सांगितलं. खोकला, एक्स-रे, शपथ. डॉक्टरांचं 'नक्की सांगता येत नाही' हे वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"तुमी हाय तिथं म्हनून म्या निवांत झोपत हुते ताई," ती म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर मला झेपल्या असत्या, शिव्यांची मला सवय आहे. तिने फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. नव्या हंगामाला सार्थकला सोडायला मुंबईत आली होती, असं शोभाकडून कळलं.

हंगाम

अकादमीत वर्ष वाया जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजायला जड जातं. पंधरा ते सोळा हे वर्ष मुलाच्या अंगात परत येत नाही. बाकीची मुलं तेवढ्यात बोटभर उंच झाली, खांदे रुंद झाले, चेंडू पायाशी यायच्या आधीच मान फिरवून बघायला शिकली. सार्थक तेव्हा गोळ्या घेत होता.

त्या वर्षी मी त्याच्या सहा मॅचेस पाहिल्या. तारेच्या कुंपणाबाहेरून, पालकांत बसले नाही. पहिल्या अर्ध्या तासात तो जुना सार्थक दिसायचा. मग पाय जड व्हायचे. एकदा त्याने वीस यार्डांवरून पास दिला आणि गोल झाला. मी कुंपण धरून ओरडले, त्याने वळून पाहिलं. बहुतेक वेळा तो बाकावरच असायचा. डिसा सरांनी शब्द पाळला, पूर्ण हंगाम दिला. मेमध्ये त्याला सोडलं. कागदावर कारण आजार असंच लिहिलं.

मेस आता दुसऱ्या कोणाकडे आहे. मी घरी आठ डबे करते. मनालीचं बाळ चालायला लागलं, माझ्या घरात येऊन भांडी वाजवतं. दर सहा महिन्यांनी मी एक्स-रे काढते, कोणी न सांगता. हे वाचणाऱ्या कोणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. नोकरी जाईल, लोक दारातून बोलतील, ही भीती खरी आहे. मी नाही म्हणत नाही. तरी जा. आणि जवळ कोण कोण बसतं ते डॉक्टरला खरं सांगा.

गेल्या महिन्यात सार्थकचा फोन आला. तो आता कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळतो, कॉलेजात जातो. आवाज फुटून जाड झालाय. आईला न सांगता फोन केला होता. मॅचचं सांगत होता, मैदानावर किती गर्दी होते ते सांगत होता. मग मध्येच थांबला.

"मावशी, एक सांगू? मला बी जुलैपासनंच दम लागत हुता. छातीत दुखायचं. मी बी लपिवलं. टीममधनं काढतील म्हनून." आणि हसला. "तुमी बी लपिवलं, मी बी लपिवलं. फिट्टंफाट."

ही सूट त्याने मनापासून दिली होती. मी आयुष्यभर कोणी एक पैसा कमी केला तर दोन मागितले, आणि इथे समोरचा स्वतःहून निम्मं सोडत होता.

"नाही रे," मी म्हणाले. "तू पंधरा वर्षांचा होतास. मी बावन्न."